दिवा तापून राह्यला

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्याइतका भित्रा माणूस सबंध यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही. आणि असलाच तर तो भीतीने घराबाहेर पडत नसावा, म्हणून आजवर कोणाला दिसला नसेल. भाऊजी बाहेर पडतात, एवढाच फरक. पण कसे पडतात ते पाहण्यासारखं असतं. गॅसची चावी तीनदा बघायची, कुलूप लावून त्याला लोंबकळून पाहायचं, फाटकापर्यंत जाऊन परत यायचं, आणि बायको आतच राहिली हे ध्यानात आल्यावर कुलूप उघडून तिला बाहेर काढायचं. हे खरोखर घडलेलं आहे, माझी बहीण अजून त्यावरून त्यांना टोमणे मारते. एसटीत ते संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीशीच बसणार, आणि बसल्याबरोबर तिच्यावरची सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार. लग्नात मांडवाच्या खांबापासून दूर, पंगतीत दाराकडे तोंड करून. पाहुण्यांकडे कोणी पंखा लावायला उठलं की हे आधी मान वर करून त्याचा हूक तपासतात आणि खुर्ची दोन हात सरकवून घेतात. एकदा मी वैतागून विचारलं की भाऊजी, तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते ते तरी एकदा सांगून टाका. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "एकाचं नाव कसं घेऊ बाबू? बाकीच्याले राग येईन."

नोकरीही त्यांना त्यांच्या स्वभावाला शोभेल अशीच मिळाली होती. तहसील कचेरीत नकला देणारे कारकून. सातबारा, फेरफार, जुने नकाशे, कोणाच्या पणजोबाचं खरेदीखत. अर्ज आला की दप्तर सोडायचं, वळणदार अक्षरात उतरवून काढायचं, ओळ न् ओळ ताडून पाहायची आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारून सही ठोकायची. वाळवी, उंदीर, पाणी, विडी आणि चहा हे त्या खोलीचे पाच शत्रू, असं ते सांगत. साहेब स्वतः चहाचा कप घेऊन आले तरी हे दारात आडवे उभे राहत. पुढे नकला काढायचं मशीन आलं आणि एक फार जुनं रजिस्टर काचेवर पालथं घालून दाबलं गेलं, तेव्हा त्याची शिवण तुटली आणि पानांचा भुगा झाला. नक्कल मिळाली, पण काळी आली. भाऊजी त्या वेळी शेजारी उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी एक सिद्धांत धरला तो आजतागायत सोडला नाही: नक्कल करताना अस्सल मरते. माझं लोहारा गावात झेरॉक्सचं दुकान आहे, हे इथे सांगून ठेवायला हवं. मेहुण्याच्या धंद्याबद्दल भाऊजींचं मत काय असेल, ते वेगळं सांगत नाही.

आता तबकड्यांकडे, म्हणजे त्या सीडींकडे, वळतो. भाऊजींचं गाव, म्हणजे माझ्या बहिणीचं सासर, धरणात गेलं. लोकांना पुनर्वसनात नवी घरं मिळाली, समाजमंदिर मिळालं, सरळ रस्ते मिळाले. जुनं गाव उठायच्या आधीचा जो शेवटचा पोळा झाला, त्याची गावाने वर्गणी काढून शूटिंग करून घेतली होती. शूटिंगवाला तालुक्याचा, जन्मभर लग्नंच काढलेली. त्याने बैलांचंही लग्नच करून टाकलं. पहिल्याच चित्रात 'शुभविवाह' अशी सोनेरी अक्षरं येतात, बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की चारी बाजूंनी गुलाब उधळतात, आणि पाटलाच्या पांढऱ्या बैलाच्या डोक्याभोवती गुलाबी बदाम फिरत राहतात. तरी त्यात सगळं गाव आहे. तोरण आहे, झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची कवनं, म्हणणारे म्हातारे आहेत, आणि दुसऱ्या तबकडीत बैल घरोघर जातात तेव्हा एकेक करून प्रत्येक घराचं दार येतं. त्या पोळ्याला भाऊजी स्वतः मात्र गावात नव्हते. कचेरीतून निघाले, नाल्याला पूर होता, अर्ध्या वाटेवरून परत आले. एवढंच मला बहिणीकडून कळलेलं. त्यांची आई पुढच्या दोन महिन्यांत गेली. नव्या गावात ती आलीच नाही.

या तबकड्या तेव्हा घरटी एक जोड अशा वाटल्या होत्या. मग आज एकच जोड का उरली? तर आमच्या माणसांचं डोकं. बघण्याचं यंत्र एकाही घरात धड चालेना, आणि ज्वारीवर पाखरं तर रोज येणार. चकाकणारी तबकडी दोऱ्याला बांधून शेतात लटकवली की पाखरं बिचकतात, हा शोध कोणीतरी लावला आणि दोन हंगामांत सगळं जुनं गाव नव्या गावाच्या शेतात उन्हात फिरायला लागलं. प्रत्येकाची समजूत एकच, की आपली गेली तर काय बिघडलं, शेजाऱ्याची आहे. एकटे भाऊजी भीतीपोटी ती कुलपात ठेवून बसले, म्हणून वाचली. पण तिची प्रत काढून ठेवू या असं मी दरवर्षी म्हणायचो, आणि दरवर्षी ते त्या भुगा झालेल्या रजिस्टराची गोष्ट मला पुन्हा सांगायचे. लॅपटॉपचा तांबडा किरण तबकडी घासून खातो, एकदा दाखवायला खाल्ली तेवढी पुरे, आता नकलेसाठी आणखी कायले, असा त्यांचा सवाल. मी चिडायचो, बहीण हसायची, आणि एवढं होऊन तबकडी कपाटात परत जायची.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, पोरांचे लाकडी बैल मिरवून झाले की, नव्या गावाच्या समाजमंदिरात हा सिनेमा लागतो. खिडक्यांना सतरंज्या लावतात, समोरच्या भिंतीवर दोन धोतरं जोडून पडदा करतात. प्रोजेक्टर ग्रामपंचायतीचा, वर्षातून एकदाच कपाटातून निघणारा; एका वर्षी त्यात पालीची अंडी निघाली होती. लॅपटॉप माझा. जोडणी भाऊजींची. त्या जोडणीला इतर कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही, आणि स्वतः हात लावायला तर त्यांना मरणाची भीती. पायात प्लॅस्टिकची चप्पल, चपलेखाली रबरी पायपुसणं, खिशात टेस्टर. वायरींची गुंडाळी केलेली, आणि प्रत्येकीला माझ्या बहिणीच्या परकराचा नाडा बांधलेला: लाल नाडा विजेचा, हिरवा चित्राचा, पिवळा आवाजाचा. परकर नाड्यावाचून पडून राहतात अशी तिची तक्रार आहे. आधी भिंतीतली वीज तपासायची, मग प्रोजेक्टर लावायचा, त्याचा दिवा पांढराशुभ्र होईस्तोवर मनातल्या मनात काही पुटपुटायचं, मगच लॅपटॉप. माझ्या नव्या लॅपटॉपला तबकडीची खाचच नाही, म्हणून ती वेगळ्या डबीत घालून वायरीने जोडायची; आणि निळ्या तोंडाची जुनी वायर त्यात बसत नाही, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर. एवढ्या सगळ्या गाठी म्हणजे एवढ्या सगळ्या भीती. शेवटी लॅपटॉप विचारतो की चित्र कुठे कुठे दाखवू. दोन्हीकडे दाखवायचं तर 'डुप्लिकेट' दाबावं लागतं, आणि ते बटण दाबायला हा नक्कल विभागाचा माणूस कसला तयार होतो! ते फक्त पडद्यावर दाखव असं सांगतात. लॅपटॉप काळा होतो, भिंत उजळते, आणि भाऊजी पडद्याकडे पाठ करून, वायर निसटू नये म्हणून तिच्या मानेवर हात ठेवून काळ्या लॅपटॉपसमोर बसून राहतात. दर दहा मिनिटांनी माझ्या कानाशी येऊन सांगतात, "दिवा तापून राह्यला, बाबू." लाइन गेली, प्रोजेक्टरच्या आतला पंखा बंद पडला, दिवा तापलेलाच राहिला तर तो फुटेल, ही त्यांची सगळ्यात लाडकी भीती.

मागच्या वर्षीची गोष्ट. पहिली तबकडी भाऊजींनी स्वतःच्या हाताने डबीत घातली, दुसरीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, "हा सोडू नोको," एवढं म्हणाले आणि नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीवरचा मीटर बघायला गेले. मी सोडला. बाहेर आलुबोंडे निघत होते, आणि गरम आलुबोंड्यापुढे माझं चालत नाही. दहा मिनिटांत परत आलो तर डबा जागच्या जागी, झाकण लावलेलं. सिनेमा सुरू झाला. लोक दरवर्षीसारखे बैलांना नावांनी हाका मारू लागले. माझ्या बाजूला गावातली सगळ्यात म्हातारी बाई, जिला सगळं गाव थोरली काकू म्हणतं, पूजेचं ताट घेऊन बसली होती. जुन्या गावात तिचं घर भाऊजींच्या घराला लागून, भिंतीला भिंत. ती माझ्याकडे वाकून समाधानाने म्हणाली, "दरसाल मशीनीले कुंकू लावता, अन् गाव जिच्यात हाय तिले काहीच नाही. आज म्या लावलं बावा."

मी झडप घालून डबा ओढून घेतला. डबा उघडला. तबकडीच्या चकचकीत बाजूवर ओलं हळदकुंकू, पाच बोटं नीट मोजून लावलेली, वर अक्षता चिकटलेल्या. मी कसंबसं विचारलं की काकू, याच बाजूला का लावलं? तर म्हणाली की चमकते ते तिचं तोंड, पाठीले कोणी कुंकू लावते का? आणि लावायच्या आधी तिने ती धुळीची म्हणून जरीच्या पदराने चांगली खसखसून पुसूनही घेतली होती. आता तिच्यावर रागवायचं तरी कसं? राग यायचा तो माझा मलाच आला. धरणात एकदा गेलेलं अख्खं गाव मी एका आलुबोंड्यापायी दुसऱ्यांदा घालवलं होतं. समोर दीडशे माणसं हसत होती, पहिली तबकडी संपायला पंधरा मिनिटं उरली होती, आणि वायरीवर हात ठेवून बसलेल्या त्या माणसाला हे सांगणं भाग होतं. मला खरंच वाटलं की हे ऐकून त्यांचं काही बरंवाईट होईल. पाच पावलांवर ते होते; मी डबा घेऊन उठलो.

मी त्यांच्या कानात सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ते तबकडी हातात तिरकी धरून उजेडात बघत होते, आणि त्यांचा हात, जो चहाचा कप धरतानासुद्धा थरथरतो, तो अगदी स्थिर होता. इतकी वर्षं ज्याचं भय बाळगलं ते घडून गेलं होतं. आता भ्यायला उरलं काय? त्यांनी प्यायच्या माठातलं पाणी मागितलं, खिशातला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला रुमाल भिजवला, आणि मी घाईने पुसायला हात पुढे केला तसा माझा हात बाजूला सारला. "गोल नाही पुसाचं," ते म्हणाले. "मधातून भायेर. सिधं. गोल पुसलं का रेघ लांब जाते." एकेक अक्षत नखाने नाही, पाण्याने सोडवून काढली. तेवढ्यात पहिली तबकडी संपली. लोकांना वाटलं मध्यंतर झालं. भाऊजींनी दुसरी तबकडी डबीत घातली, झाकण दाबलं, आणि त्या वेळी मात्र माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

चाललं. गुलाब उधळले, बदाम फिरले, उरलेल्या झडत्या झाल्या, बैल तोरणाखालून सुटून गल्लीत शिरले. एकेक दार यायला लागलं, तसतशी ज्या त्या घरची माणसं चुळबुळ करून उठून बसायला लागली. मी श्वास सोडला. आणि भिंतीवरचं चित्र थांबलं. आवाज खुरटला, मग गेलाच. लॅपटॉप काळा, त्यावर काही दिसायचं नाही, तेव्हा काय बिघडलं ते पाहायला भाऊजींना मान वळवावीच लागली. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना पडद्याकडे तोंड करताना पाहिलं.

पडद्यावर त्यांचं दार होतं. दारात त्यांची आई. खाली कोपऱ्यात बैलांची रंगवलेली शिंगं तेवढी दिसत होती. बैलांचे पाय धुऊन झाले होते, तिच्या डाव्या हातात पितळी तांब्या होता. पण ती बैलांकडे बघत नव्हती. उजवा हात कपाळाशी धरून, शूटिंगवाल्याच्या डोक्यावरून पलीकडे, रस्त्याकडे बघत होती. त्या भल्या माणसाचा एक गुलाबी बदाम तरंगत येऊन नेमका तिच्या खांद्यापाशी अडकला होता. मला बहिणीने सांगितलेला नाला आठवला आणि सगळं एकदम कळलं, आणि कळल्याची लाज वाटली.

थोरली काकू बसल्या जागेवरून म्हणाली, "पुरणपोळी झाकून ठेवली होती तुयासाठी. दिवसभर वाटच पाह्यत होती."

"माईत हाय मले," भाऊजी म्हणाले. मग, कोणाला म्हणून नाही, "पाणी कमरेएवढंच होतं. बाकीचे गेले. मीच भेलो."

माझी बहीण पलीकडे पदर तोंडाशी धरून बसली होती. मी हळूच विचारलं की बंद करून पुन्हा लावू का. त्यांनी मान हलवली, "राहू दे थोडसं." मग ते वायर सोडून उठले, पायपुसण्यावरून खाली उतरले आणि पडद्याच्या पुढ्यात, पहिल्या ओळीतल्या माणसांच्या मध्ये जाऊन खाली बसले. मी घड्याळ पाहिलं नाही, पण पंधरा-वीस मिनिटं तरी ते दार तसंच भिंतीवर होतं. दिवा तापत होता, पंखा घरघरत होता, आणि एकदाही त्यांना त्याची आठवण झाली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दुकान उघडायला गेलो तर भाऊजी पायरीवर बसलेले, मांडीवर डबा. त्यांनी तो काउंटरवर ठेवला. मी जेवढं निघालं तेवढ्याची प्रत काढली. पहिली तबकडी पूर्ण निघाली. दुसरीतली त्यांच्या दारानंतर येणारी चार घरं मात्र काही केल्या निघाली नाहीत. त्या चारांतलं पहिलं थोरल्या काकूचं. ते तिला सांगायला जायचं म्हणून भाऊजी तीन दिवस जेवले नाहीत. शेवटी मलाच सोबत घेऊन गेले आणि तिच्या ओट्याशी गुन्हेगारासारखे उभे राहिले. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहं घर मले रोज दिसते, डोये मिटले का. तू भेऊ नोको." मग दोघांच्याही हातावर चिमूटभर शेंगदाणे ठेवले. भाऊजींनी आता घरटी एक अशा नव्या तबकड्या करून वाटल्या आहेत. प्रत्येकीच्या पाकिटावर त्यांच्या त्या वळणदार अक्षरात 'खरी नक्कल' असं लिहिलेलं, खाली सही, आणि त्याखाली सूचना: शेतात लटकवू नये. शिवाय प्रत्येक पाकिटावर 'चार घरं कमी' असं त्यांनी वेगळं लिहून त्यावर दुसरी सही केली आहे, कारण नक्कल खरी असायला हवी.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला भाऊजी नेहमीसारखे आले, पण त्यांच्या हातांना आता त्या निळ्या तोंडाच्या वायरीचे बारीक स्क्रू फिरवणं जमत नाही. नाडे सोडले मी, टेस्टर लावला मी, आणि प्लॅस्टिकच्या चपलेचीही मला लाज वाटली नाही. ते पहिल्या ओळीत सतरंजीवर पडद्याकडे तोंड करून बसले, मला बघायला एकदाही वळले नाहीत. मी मागे बसलो. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की माझा हात वायरीच्या मानेवर आहे, आणि लाइन जाईल, पंखा थांबेल, म्हणून मी केव्हापासून कानोसा घेतो आहे. ते दार आलं तेव्हा भाऊजींनी न वळता नुसता हात वर केला. मी चित्र थांबवलं. ते किती वेळ बघत बसले कोण जाणे. प्रोजेक्टरवर हात ठेवला तर चटका बसला. दिवा तापून राह्यला, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या, पण मी बोललो नाही.